फुटलेलं मैदान आणि फ्रंटरनरची चांदी: अमेरिकेच्या प्रायमरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या प्रायमरीचे निकाल यायला लागले की तेच प्रश्न परत परत येतात, त्यातही "अर्ध्याहून जास्त लोक ज्याच्या विरोधात तोच जिंकतो कसा" हा तर हमखास. म्हणून सगळे एका जागी घेतलेत. उदाहरणं जास्त करून 2016 च्या रिपब्लिकन आणि 2020 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीची आहेत, कारण एकीकडं विरोधक शेवटपर्यंत फुटलेले राहिले आणि दुसरीकडं तीन दिवसांत एकाच्या मागं उभे राहिले. क्रमानं वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न गाठा, जिथं दुसरीकडं जास्त सांगितलंय तिथं नंबर दिलाय.

1. प्रायमरी म्हणजे नेमकं काय, आणि फ्रंटरनर कोणाला म्हणायचं?

आपल्याकडं तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, अमेरिकेत ते मतदार देतात, आणि त्यासाठी जे मतदान होतं ती प्रायमरी. काही राज्यांत कॉकस असतो, म्हणजे लोक शाळेत किंवा हॉलमधे जमतात आणि तिथंच कौल देतात. राष्ट्राध्यक्षपदासाठी हे एका दिवसात उरकत नाही, जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतं आणि जूनपर्यंत एकेक राज्य करत चालतं. प्रत्येक राज्यातून उमेदवाराला डेलिगेट मिळतात, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात त्याच्या बाजूनं मत देणारे प्रतिनिधी, आणि निम्म्याहून जास्त डेलिगेट ज्याचे तो पक्षाचा उमेदवार. 2016 ला रिपब्लिकन पक्षात एकूण 2472 डेलिगेट होते, जिंकायला 1237 हवे होते.

फ्रंटरनर म्हणजे पोलमधे आणि नंतर डेलिगेटमधे सगळ्यात पुढं असलेला. त्याच्याकडं बहुमत असेलच असं नाही, बाकीच्यांपेक्षा तो पुढं आहे एवढंच.

2. विरोधक जास्त असले की फ्रंटरनरला फायदा कसा होतो? साध्या आकड्यांत सांगा.

9 फेब्रुवारी 2016, न्यू हॅम्पशायर. डोनाल्ड ट्रम्प यांना 35.3 टक्के मतं पडली, म्हणजे तिघांतल्या जवळपास दोघांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं. पण ते "दुसरे" किती होते बघा: जॉन कॅसिक 15.8, टेड क्रूझ 11.7, जेब बुश 11, मार्को रुबियो 10.6, ख्रिस ख्रिस्टी 7.4. यातले कॅसिक, बुश, रुबियो आणि ख्रिस्टी हे चौघं ढोबळमानानं एकाच प्रकारच्या मतदाराकडं मत मागत होते, आणि त्यांची बेरीज केली तर 44.8 टक्के होते, ट्रम्पपेक्षा साडेनऊ टक्क्यांनी जास्त. मतं होती, पण चार पेट्यांत गेली आणि कोणाच्याच कामी आली नाहीत. (ही बेरीज अशी सरळ करता येते का हा रास्त प्रश्न आहे, त्यासाठी 10 नंबर बघा.)

पण आकड्यांइतकंच दुसरं एक महत्त्वाचं आहे. त्या रात्री टीव्हीवर "ट्रम्प 20 टक्क्यांनी जिंकले" असं चाललं, "65 टक्के लोकांनी ट्रम्पना नाकारलं" असं कोणी म्हटलं नाही, आणि पुढच्या राज्यातला मतदार हेच बघून ठरवतो, डोनर पण हेच बघून चेक फाडतात. म्हणजे फुटलेल्या मैदानातून पहिला विजय मिळतो आणि त्या विजयातून हवा तयार होते, मग ती हवा पुढच्या राज्यात खरीच मतं आणते. ट्रम्प यांनी राज्यामागून राज्य जिंकत नेलं तरी 19 एप्रिलच्या न्यूयॉर्कपर्यंत एकाही राज्यात त्यांना 50 टक्के मिळाले नव्हते.

3. 32 टक्के मतांत 100 टक्के डेलिगेट मिळाले असं वाचलं, हे खरंय का?

खरंय, साउथ कॅरोलायना, 20 फेब्रुवारी 2016. ट्रम्प 32.5, रुबियो 22.5, क्रूझ 22.3, आणि बुश, कॅसिक, बेन कार्सन तिघंही सात-आठ टक्क्यांत. या राज्याचे 50 डेलिगेट होते, त्यातले 29 राज्यात पहिला येईल त्याला आणि उरलेले 21 सात मतदारसंघांत प्रत्येकी तीन, तेही त्या मतदारसंघात पहिला येईल त्याला. ट्रम्प राज्यात पहिले आणि सातही मतदारसंघांत पहिले. झालं, 50 पैकी 50. रुबियो आणि क्रूझ मिळून जवळपास 45 टक्के घेऊन गेले आणि दोघांच्या हातात शून्य.

15 मार्चला फ्लोरिडात तर सगळे 99 डेलिगेट एकगठ्ठा पहिल्याला जाणार होते, ते ट्रम्प यांना 45.7 टक्क्यांवर मिळाले.

जिथं प्रमाणात वाटप होतं तिथंही किमान टक्केवारीची अट असतेच. 1 मार्चच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत मतदान होतं त्या मंगळवारी, टेक्सस आणि अलाबामात ती 20 टक्के होती, रुबियो यांना टेक्ससमधे 17.7 आणि अलाबामात 18.7 टक्के मिळाले. म्हणजे लाखो मतं पडली पण राज्यपातळीच्या वाटपात त्यांना काहीच आलं नाही. मैदान जेवढं फुटलेलं तेवढे जास्त उमेदवार त्या अटीच्या खाली अडकतात आणि त्यांच्या वाट्याचे डेलिगेट वरच्यांना वाटले जातात, म्हणजे फ्रंटरनरला दुहेरी फायदा. मला विचाराल तर लोक उमेदवारांबद्दल तासन् तास बोलतात आणि नियमांबद्दल पाच मिनिटं पण नाही, हे उलट व्हायला पाहिजे.

4. डेमोक्रॅटिक पक्षात तर सगळीकडं प्रमाणातच वाटप होतं, मग तिथं हा प्रकार चालत नाही का?

चालतो, पण हळू. तिथं पहिल्याला सगळं असा प्रकार नाही, मात्र 15 टक्क्यांची अट आहे, राज्यातही आणि मतदारसंघातही. 2020 ला न्यू हॅम्पशायरमधे बर्नी सँडर्स 25.6, पीट बुटिजेज 24.3 आणि एमी क्लोबुशार 19.7 टक्के, आणि एलिझाबेथ वॉरन, जो बायडन दोघंही 15 च्या खाली, म्हणून डेलिगेट शून्य. अशी राज्यं चार-पाच झाली की पुढं असलेल्याची आघाडी वाढत जाते, आणि प्रमाणाच्या पद्धतीत एकदा मागं पडलं की भरून काढणं फार अवघड, कारण नंतर तुम्ही जिंकलात तरी समोरच्याला त्याचा वाटा मिळतच राहतो.

5. म्हणजे आपल्याकडं "मतं खाल्ली" म्हणतात तेच ना हे?

बरंचसं तेच. 2019 च्या लोकसभेला औरंगाबादमधे (आता छत्रपती संभाजीनगर) काय झालं ते आठवा. इम्तियाज जलील 3 लाख 89 हजार, चंद्रकांत खैरे 3 लाख 84 हजार आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव 2 लाख 83 हजार. साडेचार हजाराच्या आत निकाल लागला आणि जाधवांनी कोणाची मतं खाल्ली यावर पुढं किती तरी दिवस चर्चा चालली. त्याच वर्षी नांदेडला अशोक चव्हाण सुमारे 40 हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला 1 लाख 66 हजार मतं होती.

पण दोन फरक मोठे आहेत. एक, आपल्याकडं मतदान एकदाच होतं, मतविभागणी झाली हे कळतं ते मतमोजणीच्या दिवशी, तोवर काही करता येत नाही. प्रायमरी चार-पाच महिने चालते, मतं फुटतायत हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना दिसतं, म्हणजे सुधारायला वेळ असतो. दुसरा, आपल्याकडं अर्ज मागं घ्यायची एक तारीख असते आणि त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कोणाला बसवायचं याची धावपळ चालते, फोन होतात, समजूत काढली जाते. प्रायमरीत अशी तारीखच नाही. कोणीही कितीही दिवस उभं राहू शकतं, आणि त्यामुळं बसवणारं पण कोणी नसतं.

6. हरणार हे दिसत असताना बाकीचे वेळेत माघार का घेत नाहीत?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. "अहंकार" हे उत्तर सोपंय पण अपुरं आहे.

प्रत्येकाचं गणित असं असतं की समोरचा आधी हटला तर त्याची मतं मला येतील आणि मग मी फ्रंटरनरला एकटा भिडेन. 2016 ला क्रूझ म्हणत होते दक्षिणेतली राज्यं माझी आहेत, तोवर थांबा. रुबियो म्हणत होते फ्लोरिडा माझं घर आहे, 15 मार्चपर्यंत थांबा. कॅसिक ओहायोचे गव्हर्नर, ते पण 15 मार्चच म्हणत होते. एकेकाचं बोलणं ऐकलं तर खोटं कोणीच नव्हतं, पण सगळे एकमेकांची वाट बघत बसले आणि 15 मार्च उजाडेपर्यंत ट्रम्प एवढे पुढं गेले होते की कॅसिक यांनी ओहायो जिंकूनही काही उपयोग नव्हता, आणि रुबियो तर घरच्या मैदानावर 27 टक्क्यांवर अडकले आणि त्याच रात्री बाहेर पडले.

दुसरी गोष्ट, जो आधी हटतो त्याला स्वतःला काहीच मिळत नाही, फायदा होतो तो बाकीच्या सगळ्यांचा. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर 21 सप्टेंबर 2015 ला, म्हणजे एकही मत पडायच्या आधी, बाहेर पडले आणि जाताना बाकीच्यांनाही म्हणाले की तुम्ही पण विचार करा, म्हणजे मतदारांना फ्रंटरनरच्या विरोधात मोजक्या लोकांतून निवडता येईल. तेव्हा 17 मोठ्या उमेदवारांतले 15 मैदानात उरले होते. त्यांचं ऐकून लगेच कोणी हटलं नाही. आज मागं वळून बघितलं तर त्या अख्ख्या वर्षात परिस्थिती सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट ओळखणारा तो माणूस होता असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट पैसा. पूर्वी हरायला लागलं की देणग्या आटायच्या आणि उमेदवार आपोआप घरी बसायचा. 2010 नंतर सुपर पॅक आले, म्हणजे उमेदवारापासून कागदोपत्री स्वतंत्र असलेले आणि हवे तेवढे पैसे घेऊ शकणारे गट, आणि एकच श्रीमंत डोनर एखाद्याला महिनोन् महिने तगवू शकतो. 2012 ला न्यूट गिंग्रिच यांच्यामागच्या सुपर पॅकला लास वेगासचे कॅसिनो मालक शेल्डन ॲडल्सन यांच्या कुटुंबानं दीड कोटी डॉलरच्या वर दिले. त्यानं गिंग्रिच जिंकले नाहीत, पण मैदानात मात्र राहिले.

7. विरोधक फ्रंटरनरला सोडून एकमेकांवरच का तुटून पडतात?

कारण त्यांची खरी स्पर्धा एकमेकांशीच असते. दोन नंबरची जागा एकच आहे आणि ती मिळवायची तर तुमच्यासारखीच मतं मागणाऱ्याला आधी पाडावं लागतं, फ्रंटरनरचे कट्टर मतदार तुमच्याकडं तसेही येणार नसतात.

6 फेब्रुवारी 2016 ची न्यू हॅम्पशायरमधली डिबेट यूट्यूबवर जरूर बघा. आयोवात रुबियो 23 टक्के घेऊन तिसरे आले होते आणि पक्षातले बरेच लोक त्यांच्याभोवती जमायला लागले होते. त्या रात्री ख्रिस्टी यांनी त्यांना गाठलं, म्हणाले तुम्ही पाठ केलेली 25 सेकंदांची भाषणं देता. आणि रुबियो यांनी उत्तरादाखल ओबामांबद्दलचं तेच वाक्य परत म्हटलं, मग परत, आणि ख्रिस्टी प्रेक्षकांकडं वळून दाखवत होते की बघा, हेच ते. तीन दिवसांनी रुबियो पाचवे आले. पण ख्रिस्टी सहावे आले, 10 फेब्रुवारीला बाहेर पडले आणि 26 तारखेला त्यांनी पाठिंबा दिला तो ट्रम्प यांना. त्या रात्री ट्रम्प त्याच स्टेजवर उभे होते, या सगळ्यात त्यांना एक शब्द बोलावा लागला नाही.

पैशाचं पण तेच. जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅकनं 10 कोटी डॉलरच्या वर जमवले होते आणि त्यातले कोट्यवधी डॉलर रुबियो यांच्यावर टीका करणाऱ्या जाहिरातींवर गेले. दोघंही फ्लोरिडाचे, दोघांचे डोनर तेच, मतदार तेच.

8. मग आपापसात समझोता का करत नाहीत? तुम्ही हे राज्य लढा, आम्ही ते लढतो.

करून बघितला, उशिरा आणि अर्धवट. 15 मार्चच्या आधी रुबियो यांच्या टीमनं ओहायोतल्या आपल्या लोकांना सांगितलं की ट्रम्पना अडवायचं तर इथं कॅसिकना मत द्या. कॅसिक यांच्या बाजूनं फ्लोरिडात परतफेड झाली नाही. मग 24 एप्रिलला क्रूझ आणि कॅसिक यांनी जाहीर केलं की इंडियाना क्रूझ लढतील, ओरेगन आणि न्यू मेक्सिको कॅसिक. दुसऱ्याच दिवशी कॅसिक म्हणाले की इंडियानात माझ्या लोकांनी मत मलाच द्यावं. 3 मे ला इंडियानात ट्रम्प 53, क्रूझ 37 च्या आत, कॅसिक साडेसात टक्के. त्या रात्री क्रूझ बाहेर, दुसऱ्या दिवशी कॅसिक बाहेर.

बघा, तोवर बेरीज केली तरी पुरत नव्हती. समझोत्याला मुदत असते आणि ती फार लवकर संपते, माझ्या मते 2016 ला ती साउथ कॅरोलायनाच्या आसपासच संपली होती. शिवाय असा करार उघड जाहीर केला की फ्रंटरनरला आयतं कोलीत मिळतं, "हे सगळे मिळून मला पाडतायत" असं म्हणायला. ट्रम्प यांनी ते पुरेपूर वापरलं.

9. 2020 ला डेमोक्रॅटनी वेगळं काय केलं?

सुरुवात अगदी 2016 सारखीच होती. वीसच्या वर उमेदवार, पुढं असलेले सँडर्स, त्यांचा पक्का पाठीराखा वर्ग, आणि सँडर्स नको असलेल्यांची मतं बायडन, बुटिजेज, क्लोबुशार, मायकल ब्लूमबर्ग अशी वाटली गेलेली. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमधे पाचवे. 22 फेब्रुवारीला सँडर्स यांनी नेवाडा मोठ्या फरकानं जिंकलं आणि सगळे म्हणायला लागले की झालं.

मग 26 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला, त्या राज्यातल्या काळ्या मतदारांत त्यांच्या शब्दाला फार वजन आहे. 29 ला बायडन 48.7 टक्के घेऊन जिंकले, सँडर्स 20 च्या आत. 1 मार्चला बुटिजेज बाहेर, 2 मार्चला क्लोबुशार बाहेर, आणि त्याच संध्याकाळी दोघांनीही डॅलसमधे बायडन यांच्यासोबत उभं राहून पाठिंबा दिला, टेक्ससचे बेटो ओरूर्क पण होते. 3 मार्चला सुपर ट्यूसडे, 14 पैकी 10 राज्यं बायडन यांची. क्लोबुशार यांचं मिनेसोटा, जिथं बायडन यांचा प्रचार जवळपास नव्हताच, ते पण आलं.

लक्षात घ्या, बुटिजेज यांच्याकडं तेव्हा बायडन यांच्याइतकाच हक्काचा दावा होता, आयोवात डेलिगेटमधे ते पुढं होते. तरी सुपर ट्यूसडेच्या दोन दिवस आधी ते थांबले. 2016 ला असं करणारं कोणी निघालं नाही. लोक म्हणतात पक्षानं ठरवून घडवलं, पण मला त्यापेक्षा हे जास्त पटतं की साउथ कॅरोलायनाच्या निकालानं कोणाच्या मागं जमायचं याचं एकच उत्तर सगळ्यांना एकाच वेळी दिलं. 2016 ला असं उत्तर कधी मिळालंच नाही, क्रूझ की रुबियो हा वाद वेळेत सुटलाच नाही.

10. हटलेल्या उमेदवाराची मतं आपोआप उरलेल्या विरोधकाला जातात का?

नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथंच होते. बेरीज कागदावर छान दिसते पण मतदार काही गठ्ठ्यानं हलत नाही. बेन कार्सन यांचे मतदार बघा, बाहेरचा माणूस पाहिजे म्हणून आलेले, ते रुबियो यांच्याकडं का जातील? खुद्द कार्सन यांनी 11 मार्च 2016 ला ट्रम्प यांना पाठिंबा दिला. क्रूझ हटले असते तर त्यांची बरीच मतं पक्षाच्या जुन्या नेतृत्वावर चिडलेली होती, ती ट्रम्प यांच्याकडंही गेली असती. 2020 ला वॉरन यांचे सगळे मतदार सँडर्सकडं जातील असं गृहीत धरणारे पण असेच चुकले, त्यातले बरेच बायडन यांच्याकडं गेले.

11. विरोधक फुटले नसते तर 2016 ला ट्रम्प हरले असते का?

मार्च 2016 च्या काही पोलमधे क्रूझ किंवा रुबियो समोरासमोर ट्रम्पना हरवताना दिसत होते, त्यामुळं शक्यता नक्की होती. पण तो पोल होता. माझं मत असं की फुटलेलं मैदान नसतं तर फेब्रुवारी त्यांच्यासाठी खूप अवघड गेला असता, आणि फेब्रुवारीशिवाय मार्चची हवा आली नसती. पण त्यांचा 30-35 टक्क्यांचा पाया इतका घट्ट होता की तो कोणी हलवू शकलं नाही, आणि फुटलेल्या मैदानाचा फायदा फक्त अशा पाया असलेल्यालाच होतो. 20 टक्क्यांवर हेलकावे खाणारा "फ्रंटरनर" अशा गर्दीत स्वतःच वाहून जातो. शेवटी एकूण मतांत त्यांना साधारण 45 टक्के, 1 कोटी 40 लाखांच्या आसपास मतं मिळाली, ती पण बहुमत नाहीच.

12. 2024 ला तर विरोधक एकच उरला होता, तरी ट्रम्प जिंकले. मग ही थिअरीच चुकीची?

थिअरीची मर्यादा आहे ती. आयोवात 51 टक्के घेतले तेव्हाच विषय संपला होता, कारण रॉन डिसँटिस 21, निकी हेली 19 आणि विवेक रामस्वामी पावणेआठ अशी बेरीज केली तरी त्यांच्या खालीच राहते. डिसँटिस 21 जानेवारीला हटले, दोनच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमधे हेली समोरासमोर 43 टक्क्यांवर थांबल्या, स्वतःच्या साउथ कॅरोलायनात 40 च्या आत. फ्रंटरनर 50 च्या वर असेल तर मैदान फुटलेलं असो की एकसंध, फरक पडत नाही.

13. फुटलेल्या मैदानाचा फ्रंटरनरला तोटा होतो असं कधी होतं का?

हो, दोन प्रकारांनी. एक म्हणजे फुटलेलं असतं ते त्याच्याच बाजूचं मैदान, 2020 च्या सुपर ट्यूसडेला मॅसॅच्युसेट्समधे बायडन 33, सँडर्स 27 च्या आत आणि वॉरन 21, तिथं डाव्या बाजूची मतं सँडर्स आणि वॉरन यांच्यात फुटली आणि फायदा बायडन यांचा झाला. दुसरं म्हणजे विरोधक मिळून इतके डेलिगेट घेऊन जातात की फ्रंटरनर बहुमताच्या आत अडकतो आणि निर्णय अधिवेशनात जातो. 2016 च्या एप्रिलमधे, क्रूझ विस्कॉन्सिन जिंकले तेव्हा, सगळ्यांची आशा यावरच होती. प्रमाणाच्या नियमात हे जास्त सहज होऊ शकतं, पहिल्याला सगळं या नियमात अवघड (3 नंबर).

14. फ्रंटरनर मुद्दाम मैदान फुटलेलं ठेवतो का?

हुशार असेल तर प्रतिस्पर्धी कोण असावा हे तो स्वतः निवडतो. कॅलिफोर्नियात 2024 ची सिनेटची प्रायमरी झाली, तिथं सगळे पक्ष एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघं नोव्हेंबरला जातात. पुढं असलेले ॲडम शिफ यांना नोव्हेंबरमधे आपल्याच पक्षाच्या केटी पोर्टर समोर नको होत्या, म्हणून त्यांनी रिपब्लिकन स्टीव्ह गार्वी "कॅलिफोर्नियासाठी फार कन्झर्व्हेटिव्ह" आहेत अशा जाहिराती केल्या, ज्या बघून रिपब्लिकन मतदार गार्वीमागं एकत्र झाले. शिफ आणि गार्वी दोघंही 31 टक्क्यांच्या वर, पोर्टर 15 वर. नोव्हेंबरमधे शिफ आरामात निवडून आले. कायद्यानं यात काही चूक नाही, पण मतदार म्हणून मला हे आवडत नाही, आपल्यासमोर कोण येणार हे आपण ठरवायचं असतं.

15. जुनी उदाहरणं आहेत का?

1976 ला जिमी कार्टर न्यू हॅम्पशायरमधे 28 टक्क्यांवर जिंकले, समोर उदारमतवादी मतं मो युडाल, बर्च बाय, फ्रेड हॅरिस, सार्जंट श्रायव्हर यांच्यात वाटली गेली होती. 2008 ला जॉन मॅकेन साउथ कॅरोलायनात 33 टक्क्यांवर, कारण हकबी 30 आणि फ्रेड थॉम्पसन 16 च्या आसपास. 2012 ला ओहायोत मिट रॉम्नी यांनी रिक सँटोरम यांना एका टक्क्याहून कमी फरकानं हरवलं आणि तिथं गिंग्रिच 14 टक्क्यांच्या वर घेऊन गेले.

16. दुसरी फेरी किंवा पसंतीक्रमानं हा प्रश्न सुटतो का?

दुसऱ्या फेरीनं बऱ्यापैकी सुटतो आणि त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण खुद्द टेड क्रूझ आहेत. 2012 ला टेक्ससच्या सिनेट प्रायमरीत डेव्हिड ड्यूहर्स्ट फ्रंटरनर, 44.6 टक्के, क्रूझ 34 च्या आसपास. साधा नियम असता तर क्रूझ तिथंच संपले असते. पण टेक्ससमधे 50 टक्के लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत परत मतदान, आणि 31 जुलैला क्रूझ 56.8 टक्क्यांनी जिंकले. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत अशी फेरी नाही, चार वर्षांनी त्याच माणसाला तिची सगळ्यात जास्त गरज होती.

पसंतीक्रमाच्या पद्धतीत तुम्ही एक, दोन, तीन असे नंबर देता आणि शेवटचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत हे आहे. फ्रंटरनर हरतोच असं नाही, 2021 ला एरिक ॲडम्स पहिल्या पसंतीत 31 टक्क्यांच्या आसपास होते आणि शेवटी कॅथरीन गार्सिया यांना 7197 मतांनी हरवून जिंकलेच. पण निदान शेवटी तुलना दोघांत झाली. आणि उमेदवारांचं वागणं बदलतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, 2025 ला झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना दुसरी पसंती द्या असं उघड सांगितलं, एकाच प्रकारचे मतदार असूनही. ख्रिस्टी-रुबियो आठवा आणि हे बघा. ही पद्धत सगळ्या राज्यांत यावी असं मला मनापासून वाटतं.

17. मी अमेरिकेत आहे, माझा उमेदवार तिसऱ्या-चौथ्या नंबरवर आहे. मत कोणाला देऊ?

आधी, मत फक्त नागरिकांना, ग्रीन कार्डवर चालत नाही. एडिसनला किंवा ह्यूस्टनला राहणारे बरेच जण हे विचारतात म्हणून सांगितलं. मग राज्याचा नियम बघा: टेक्ससमधे पक्षाची नोंदणी नसते, कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं ते त्याच दिवशी ठरवता येतं, न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर त्या दिवशी पक्ष निवडता येतो पण आधीच एका पक्षात असाल तर दुसऱ्यात जायला आधीची मुदत असते.

आणि मत कोणाला? तुमचा उमेदवार किमान टक्केवारीच्या आसपास असेल तर त्यालाच द्या, ते एक मत त्याला डेलिगेट मिळवून देऊ शकतं. खूप खाली असेल आणि फ्रंटरनर तुम्हाला अजिबात नको असेल तर त्या राज्यात दोन नंबरला कोण आहे ते बघा, देशात कोण आहे ते नाही.

18. मी आधीच टपालानं मत टाकलं आणि नंतर माझा उमेदवार हटला. आता?

बहुतेक राज्यांत ते मत त्याच्याच नावावर मोजलं जातं, बदलता येत नाही. 2020 च्या सुपर ट्यूसडेला कॅलिफोर्नियात बुटिजेज आणि क्लोबुशार यांची अशी बरीच मतं पडून राहिली, दोघं शेवटच्या दोन दिवसांत हटले पण मतपत्रिका आधीच गेल्या होत्या. म्हणजे मैदान एकत्र आलं तरी आधी पडलेली मतं फुटलेलीच राहतात, आणि लवकर मतदान जितकं जास्त तितकं हटणाऱ्यानं आणखी लवकर हटायला पाहिजे. तुमच्या राज्यात मुभा असेल आणि गर्दीत आठ-दहा उमेदवार असतील तर मतपत्रिका शेवटच्या आठवड्यापर्यंत घरीच ठेवा, टपालाची मुदत तेवढी सांभाळा.

19. हटलेल्या उमेदवाराकडं आधीच जमलेल्या डेलिगेटचं काय होतं?

रिपब्लिकन पक्षात राज्याराज्याचे नियम वेगळे, कुठं ते पहिल्या फेरीपुरते बांधलेले राहतात, कुठं मोकळे होतात. डेमोक्रॅटिक पक्षात मतदारसंघांतून मिळालेले त्याच्याकडं राहतात पण राज्यपातळीचे, निवड व्हायच्या आधी तो हटला असेल तर, अट पार केलेल्या उरलेल्या उमेदवारांत परत वाटले जातात. म्हणून बरेच उमेदवार "माघार" न म्हणता प्रचार "थांबवला" एवढंच म्हणतात, रुबियो यांनीही 15 मार्चनंतर आपले डेलिगेट सोडू नका अशी पत्रं राज्यांच्या पक्षांना पाठवली होती.